डबा तूच भर

चि. बाळास,


तुला शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि ‘बाहेर कुणाला सांगू नका’ असं तू घरात बजावलंस, हे वहिनींकडून कळलं. पत्र मुद्दाम लिहितोय. पुन्हा काढून वाचता येईल.

गोळ्यांची नावं सूनबाईला नव्हे, तुला पाठ हवीत. आपल्याकडे मधुमेह पुरुषाला होतो आणि निस्तरते बायको. डबा ती भरते, ताटातला भात ती कमी करते, डॉक्टरांपुढे बोलतेही तीच. ती चार दिवस माहेरी गेली की याची साखर चढलीच! तुला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड दिलंय. ते घेऊन जेवण चुकवलंस तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात कापतात, काही सुचेनासं होतं. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला हे ठाऊक असलंच पाहिजे. लपवलंस तर ऐनवेळी त्याला कळणार कसं?

एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशेब दाखवते, तेव्हा तपासणीच्या आदल्या आठवड्यातलं कडक पथ्य फुकट. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घे. तळपाय रोज बघ. पाय बधिर झाला की चप्पल चावलेली कळत नाही आणि जखम चिघळते.

काका पुतण्याशी सहसा बोलत नाहीत, ते आता लिहितो. मधुमेहात शरीरसंबंधांत अडचण येऊ शकते. पुष्कळ पुरुष मनात कुढतात, बायकोवर चिडतात, जाहिरातीतली औषधं आणतात. तू सरळ डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत, आणि कधीकधी ही अडचण हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडत असल्याची पहिली खूण असते.

आता हे सगळं रोज पाळायचं कसं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी दीर्घ आजार असलेल्यांसाठी एक वर्ग उभा केला. ६ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास. शिकवणारे दोघं, त्यांतला निदान एक स्वतः असा आजार सोसणारा. पुढच्या आठवड्यात काय करणार ते प्रत्येकानं ठरवायचं: किती, कधी, किती वेळा. मग जमण्याची खात्री दहापैकी किती, ते सांगायचं. सातपेक्षा कमी असेल तर बेतच लहान करायचा. मला ही रीत फार पटली. ‘उद्यापासून गोड बंद’ हा आपल्या पुरुषांचा आवडता संकल्प, आणि तो पहिल्या लग्नाच्या पंगतीत मोडतो. त्यापेक्षा ‘सोमवार ते शुक्रवार जेवणानंतर १५ मिनिटं चालेन’ हे टिकतं.

बागेतल्या कट्ट्यावर आम्ही काही जण हेच करतो. सगळे शुगरवाले, एक इन्सुलिनवर. कुणाचा आठवडा बिघडला तर ओरडत नाही, अडलं कुठे ते विचारतो. रविवारी सकाळी साडेसहाला ये. फाईल आण, मीटर आण, आणि येण्याआधी काहीतरी खाऊन घे.

तुझा,
काका