मुंग्या येतात, पण करंगळीला का नाही?

प्रश्न : रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. करंगळीला मात्र काहीच होत नाही. मला मानेचा मणका वाटला होता. डॉक्टर म्हणतात, मनगटात नस दबली आहे, नर्व्ह टेस्ट करून घ्या. हाताला शॉक देऊन काय कळणार?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची नोंद करंगळीची आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव मीडियन नस वाहून नेते. मनगटात ती एका अरुंद बोगद्यातून जाते. खाली हाडं, वर जाड अस्थिबंध आणि आत बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरांची दाटी. हाच कार्पल टनेल. करंगळीची अल्नर नस या बोगद्याबाहेरून जाते, म्हणून ती बचावते. झोपेत मनगट दुमडलं की आतला दाब वाढतो आणि जाग येते. मानेतली नस दबली तर बहुधा मान वळवताना कळ खांद्याकडून हातात उतरते.

डॉक्टरांनी तुम्हाला दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू एकमेकींना टेकवून मिनिटभर मनगटं दुमडायला लावली असतील. ती फॅलनची चाचणी. एवढ्यावरून अंदाज पक्का होतो. नस कुठे आणि किती दबली आहे, हे मात्र यंत्रच मोजतं.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. अनामिकेला दोन्ही नसा पोचतात. मनगटापाशी आधी एका नसेला, मग दुसरीला हलका शॉक देतात आणि संदेश बोटावरच्या कड्यापर्यंत किती वेळात पोचला ते पाहतात. अंतर तेच, बोट तेच. मीडियनचा संदेश अर्धा मिलिसेकंद जरी मागे पडला, तरी अडथळा मनगटातच असल्याचा तो भक्कम पुरावा. थंड हातात संदेश मुळातच सावकाश जातो, म्हणून हात आधी ऊबदार करतात. सुरुवातीला नसेवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि वेग घटतो. पुढे आतले तंतूच मरू लागले की संदेशाची उंची कमी होते. ही दुसरी अवस्था गंभीर.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. सुरुवातीच्या काळात असं होतं. उलट काहींचा रिपोर्ट बिघडलेला असतो आणि तक्रार काहीच नसते. म्हणून केवळ कागदावर ऑपरेशन ठरवू नये. मधुमेह आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्या. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधल्याने सौम्य त्रास अनेकदा कमी होतो. पण अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, किंवा शर्टाचं बटण लावताना बोटांतून निसटू लागलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

टेस्टच्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नका, अंगठ्या-बांगड्या काढून जा आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगा.