मे महिन्यात कर्नाळ्याला काय बघायचं?

प्रश्न : आम्ही दर हिवाळ्यात कर्नाळ्याला पक्षी बघायला जातो. यंदा मुलीला मे महिन्याच्या सुट्टीत न्यायचा विचार आहे. ओळखीचे म्हणतात, पाहुणे पक्षी परत गेले, आता उन्हात काय दिसणार? त्यातून मुलीला पक्ष्यांपेक्षा किड्यांचं वेड जास्त. दोन्ही एकाच फेरीत जमेल का? आणि दुपारी जंगलात कानठळ्या बसवतो तो किडा कोणता? आपण जवळ गेलो की तो एकदम गप्प का होतो? – एक वाचक, पनवेल

उत्तर : तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. धोबी, वटवटे, लाल कंठाचे माशीमार ही पाहुणेमंडळी एप्रिल सरता सरता उत्तरेकडे निघून गेलेली असतात. पण घरच्या मंडळींची लगीनघाई असते ती याच दिवसांत. हिवाळ्यात तुम्ही ज्याच्या शेजारून न कळता गेला असाल, तो शीळकरी कस्तूर आता गाऊ लागतो. ओढ्याच्या बाजूने, शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोरानं घालावी तशी बेफिकीर शीळ ऐकू आली, तर माणूस शोधू नका, झाडीत निळसर काळा पक्षी शोधा. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ सुरू झालेलं असतं. भर उन्हात बाकी सगळे गप्प असतानाही तांबटाची टुकटुक थांबत नाही. हिवाळ्यात पक्षी जातींनी जास्त असतील, पण नुसते खाताना आणि उडताना दिसतात. उन्हाळ्यात ते काहीतरी करताना दिसतात : काड्या नेतात, भांडतात, पिल्लांना भरवतात. मला विचाराल तर बघायला हेच जास्त मजेचं.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिचीच बाजू मी घेईन. मे महिन्यात पक्षी शोधायचे तर आधी किडे शोधावेत. वर्षभर मधावर जगणारा शिंजीर आणि दाणे टिपणारी सुगरण, दोघंही पिल्लांच्या चोचीत मात्र किडेच घालतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. आपल्याकडची बरीच झाडं पावसाची वाट न बघता ऐन उन्हाळ्यात पालवतात. कुसुंबाची तांबडी पालवी तुम्ही पाहिलीच असेल. कोवळी पानं आली की अळ्या आल्या, आणि अळ्या आल्या की भरवणारे आईबाप आले. तेव्हा मुलीला सांगा, कुरतडलेली पानं शोध. तशी फांदी सापडली की तिथेच दहा मिनिटं उभं राहायचं.

दुसरी जागा म्हणजे पिकलेला उंबर. फळ फोडलं की आत केंबरं निघतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण उंबराचं बी त्यांच्यामुळेच धरतं. मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटून जातात. आतल्या फुलांवर सोबत आणलेले पराग टाकून, अंडी घालून ती तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर बाहेरचं जग न बघताच संपतात, आणि त्यांच्या बहिणी पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. ही फळं खायला वर कुटुर्गे, हळद्या आणि नशीब असेल तर हरियाल जमतात. हरियाल हा आपला राज्यपक्षी, आणि कर्नाळ्याच्या एका निसर्गवाटेला त्याचंच नाव आहे. दुसरी वाट मोरटाक्याची. लहान मूल सोबत असेल तर दोन्ही एका सकाळी उरकायचा हट्ट धरू नका.

पक्षी आणि किडा यांचं सगळ्यात अजब नातं बघायचं असेल, तर फांद्यांवर मुंग्यांची घरटी शोधा. ती दोन प्रकारची असतात. हिरवी पानं एकमेकांना शिवून केलेली घरटी लाल मुंग्यांची, कोकणात यांनाच ओंबील म्हणतात. यांच्या कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. शिवणीचा रेशमी धागा अळीच्या तोंडातून येतो. हे लांबूनच बघा, त्या चावतात आणि चावल्या जागी आम्ल सोडतात.

दुसरा प्रकार म्हणजे तपकिरी, कागदी दिसणारा, नारळाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा. हा काळ्या मुंग्यांनी चावलेल्या लगद्याचा बनवलेला असतो. तांबूस सुतार नावाचा सुतारपक्षी नांदत्या मुंग्यांच्या अशा गोळ्यात भोक पाडून आतच आपली अंडी घालतो. खरं तर मुंग्या हेच त्याचं आवडतं खाणं, तरी अंडी-पिल्लं त्याच मुंग्यांच्या गराड्यात वाढतात. या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांना चावून तशाच मेलेल्या मुंग्यांची मुंडकी चिकटलेली सापडल्याच्या नोंदी जुन्या पक्षीनिरीक्षकांनी केल्या आहेत. तपकिरी गोळ्याला गोल भोक दिसलं, तर थोडं लांब उभं राहून दुर्बीण लावा. फार जवळ मात्र जाऊ नका, पिल्लांच्या दिवसांत पक्षी बिचकतात.

मुलीसाठी आणखी एक गंमत आहे, ती फक्त कोरड्या दिवसांत दिसते. वाटेच्या कडेला, जिथे खडकाच्या किंवा झाडाच्या आडोशाने माती पिठासारखी भुसभुशीत असते, तिथे रुपयाएवढे नरसाळ्यासारखे खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक अळी मातीत दडून, आकड्यांसारखे जबडे उघडून बसलेली असते. गवताच्या काडीचं टोक खड्ड्याच्या उतारावर हळूच फिरवा. मुंगी घसरली असं समजून ती खालून मातीचा मारा करते. या अळीला मलविसर्जनाची सोय नसते. कोषातून बाहेर पडेपर्यंत सगळं पोटातच साठवून ठेवायचं! मोठी झाल्यावर ती चतुरासारखी दिसते, पण उडते मात्र अगदीच दुबळी. पहिला पाऊस पडला की हे उघड्यावरचे खड्डे मोडतात.

आता तुमचा दुपारचा गवई. तो सिकाडा. ओरडतो फक्त नर. पोटाच्या दोन्ही बाजूंना कडक पडदे असतात, ते स्नायूंनी सेकंदाला कित्येकदा आत-बाहेर करतो, आणि पोट बरंचसं पोकळ असल्याने आवाज घुमतो. मादी गप्प. पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहतात आणि वाढ पूर्ण झाली की खोडावर चढून कात टाकतात. पाठीवर चीर पडलेली ती तपकिरी कात तशीच खोडाला चिकटून राहते. मुलीला ती नक्की मिळेल, आणि शोधणं आवाजाच्या मागे धावण्याहून कितीतरी सोपं.

जवळ गेल्यावर गप्प होण्याचं कारण, त्याला तुम्ही दिसता. दोन मोठे टपोरे डोळे आणि कपाळावर तीन बारीक डोळे, एवढा पहारा असतो. एकजण गप्प झाला की शेजारचेही थांबतात, आणि झाड सुनं होतं. फ्रान्सचे कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी तर गावच्या सणाला वाजवायच्या तोफा आणवून सिकाडांनी भरलेल्या झाडांखाली उडवल्या. गाणं थांबलं नाही, म्हणून सिकाडा बहिरे असावेत असं त्यांनी ठरवलं. ते काही खरं नाही, सिकाडाला ऐकू येतं. पण गाताना नर आपल्या कानाचे पडदे सैल करतो, नाहीतर स्वतःच्याच आवाजाने त्याचं काही खरं नव्हतं. तेव्हा तुम्ही हळू बोललात तरी उपयोग नाही, हळू हला.

वेळेचं म्हणाल तर सकाळी सहा ते नऊ पक्ष्यांची. नऊनंतर मुंग्या, सिकाडा, फुलपाखरं. अकरापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत बाहेर थांबण्यात अर्थ नाही. तेव्हा पक्षी सावलीत चोच उघडी टाकून बसलेले दिसतील. त्यांना घाम येत नाही, म्हणून गळ्याची कातडी थरथरवून उष्णता बाहेर टाकतात. अशा पक्ष्याला उठवायला जाऊ नका. सोबत पाणी भरपूर घ्या.

कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यापर्यंत चढायचा बेत असेल तर तो या फेरीत सोडून द्या. कातळावर आग्यामोहोळं असतात आणि मेच्या उन्हात तापलेल्या चढावर मुलीला घेऊन त्यांच्यापासून पळणं अवघड. त्यासाठी डिसेंबर आहेच.