अंडे वजनाला का घटते?

परसात चार कोंबड्या बाळगणाऱ्यांच्या घरी एक वाद नेहमी ऐकू येतो. कोंबडी खुडूक बसते. घरी चांगल्या जातीचा कोंबडा नसतो. मग कोणाकडून तरी कडकनाथची किंवा असीलची डझनभर अंडी विकत आणतात आणि कोंबडीखाली ठेवतात. एकवीस दिवस सारे घर वाट पाहते आणि शेवटी पिल्ले निघतात तीन! घेणारा म्हणतो, "तुम्ही शिळी अंडी दिलीत." देणारा म्हणतो, "अंडी चांगलीच होती, तुम्हाला ती उबवता आली नाहीत." यांपैकी खरे कोणाचे, हे ठरवायला काही मार्ग आहे का?

मार्ग आहे. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेतच शिकता : घनता, बाष्पीभवन आणि सापेक्ष आर्द्रता. आणि साधन म्हणाल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे.

कवचाला दहा हजार छिद्रे

अंडे ही बंद डबी आहे असे आपल्याला वाटते, पण ते खरे नाही. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे १०,००० सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आत वाढणारा गर्भ श्वास घेतो. त्याला फुप्फुसे हलवावी लागत नाहीत. वायू केवळ विसरणाने आतबाहेर जातात.

सुमारे ६० ग्रॅम वजनाचे अंडे उबवणीच्या २१ दिवसांत साधारण ६ लिटर ऑक्सिजन आत घेते, ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि सुमारे ११ लिटर पाण्याची वाफही बाहेर टाकते. आता जरा हिशेब करू. प्रमाण तापमान आणि दाब असताना कोणत्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून ६ लिटर ऑक्सिजनचे वजन होते सुमारे ८.६ ग्रॅम आणि ४.५ लिटर कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ८.८ ग्रॅम. म्हणजे जेवढे आत आले, जवळजवळ तेवढेच बाहेर गेले! ही दोन्ही वजने एकमेकांना खोडून टाकतात. उरते ती वाफ. ११ लिटर वाफेचे वजन जवळपास ९ ग्रॅम भरते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. अंड्याचे वजन घटते ते जवळजवळ सर्वस्वी पाणी उडून गेल्यामुळे. म्हणून वजनकाटा हा अंड्याच्या कोरडेपणाचा मापक ठरतो.

तरंगणारे अंडे

ताज्या अंड्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०८ ग्रॅम असते. ५० ग्रॅमच्या अंड्याचे आकारमान म्हणून सुमारे ४६.३ घन सेंटिमीटर आले. कवच कडक असल्यामुळे पाणी उडाले तरी आकारमान बदलत नाही. उडालेल्या पाण्याची जागा हवा घेते. ही हवा रुंद टोकाकडे साठते आणि तेथे पोकळी तयार होते. वजन ४६.३ ग्रॅमच्या खाली गेले, म्हणजे ३.७ ग्रॅम पाणी उडाले, की अंडे पाण्यावर तरंगू लागते. आजी पातेल्यात अंडी टाकून शिळी कोणती ते सांगते, ती आर्किमिडीजचा नियमच वापरत असते.

ही परीक्षा खाण्याच्या अंड्यांना ठीक आहे. उबवायच्या अंड्यांना मात्र ती करू नये. अंडे गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचे पाणी जंतूंसकट छिद्रांतून आत ओढले जाते. कवचावर छिद्रांना झाकणारा जो नैसर्गिक पातळ थर असतो, तोही धुतल्याने निघून जातो. म्हणून उबवणीची अंडी धुवायची नाहीत. ती उजेडापुढे धरायची. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडा, मागे मोबाइलची बॅटरी लावा आणि अंधाऱ्या खोलीत अंड्याचे रुंद टोक त्या भोकावर टेकवा. हवेची पोकळी स्पष्ट दिसते. ताज्या अंड्यात ती लहान असते, शिळ्या अंड्यात मोठी.

देणाऱ्याच्या घरचा आठवडा

अंडे घातले जाते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते. अंडे थंड झाले की ती थांबते. सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली गर्भ जणू झोपी जातो. त्याहून गरम जागी तो धड झोपतही नाही आणि धड वाढतही नाही. हळूहळू क्षीण होतो. म्हणून उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांना, निमुळते टोक खाली करून ठेवतात आणि शक्यतो सात दिवसांच्या आत उबवायला बसवतात.

आता बाष्पदाबाचा विचार करू. अंड्याच्या आतली हवा बाष्पाने संपृक्त असते. बाहेरच्या हवेतील बाष्पदाब कमी असतो. या दोन दाबांत जितका फरक, तितक्या वेगाने पाणी उडते.

एका घरी अंडी १७ अंशांना, ७५ टक्के आर्द्रतेत ठेवली आहेत असे समजा. १७ अंशांना संपृक्त बाष्पदाब १४.५ मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. बाहेर त्याच्या ७५ टक्के. फरक उरतो सुमारे ३.६ मिलिमीटरचा. दुसऱ्या घरी अंडी मार्च महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर आहेत. तापमान ३४ अंश, आर्द्रता २५ टक्के. ३४ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ४० मिलिमीटर, बाहेर १०. फरक ३० मिलिमीटर! म्हणजे दुसऱ्या घरची अंडी आठपट वेगाने सुकतात. एकाच दिवशी घातलेली, पण एक ताजे आणि एक शिळे. अंड्याचे वय नुसते तारखेवर ठरत नाही, ते हवेवरही ठरते.

शीतपेटीची सोय नसेल तर ओल्या वाळूत माठ पुरून त्यात अंडी ठेवण्याची जुनी रीत आहे. वाळूतले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते.

घेणाऱ्याच्या घरचे एकवीस दिवस

खुडूक कोंबडीच्या छातीखालची पिसे गळून कातडी उघडी पडते आणि तेथील रक्तपुरवठा वाढतो. ही उबदार कातडी ती थेट अंड्यांना लावते. चोचीने ती अंडी दिवसातून अनेकदा फिरवते. हे फिरवणे गरजेचे आहे. बलक भोवतालच्या पांढऱ्या भागापेक्षा हलका झाला की वर येतो, आणि गर्भ त्याच्या वरच्या बाजूला असतो. अंडे एकाच बाजूवर पडून राहिले तर गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटून मरतो.

यंत्रात हीच कामे आपल्याला करावी लागतात. पंखा असलेल्या उबवणयंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवतात. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवतात आणि अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवतात. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस त्याहून जास्त ठेवतात.

ही आर्द्रता कशी मिळवायची? येथे गावोगाव उत्तर बदलते. जुलैत रत्नागिरीला हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर बाष्पदाब होतो २५.५ मिलिमीटर. ही हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली तरी तिच्यातली वाफ तेवढीच राहते. पण या तापमानाला संपृक्त बाष्पदाब ४८.४ मिलिमीटर असतो. म्हणून सापेक्ष आर्द्रता ५३ टक्के भरते. पाण्याची वाटी न ठेवताही काम भागते. मार्चमध्ये अकोल्याला ३४ अंशांची, २५ टक्के आर्द्रतेची हवा त्याच यंत्रात शिरली तर आर्द्रता उरते अवघी २१ टक्के. पहिल्या ठिकाणी दाबातला फरक २३ मिलिमीटर, दुसऱ्या ठिकाणी ३८. रत्नागिरीत १८ दिवसांत १२ टक्के घटणारे अंडे अकोल्यात जवळजवळ २० टक्के घटेल. पाण्याच्या पसरट थाळ्या ठेवल्याशिवाय तेथे पिल्लू वाचणार नाही. एका गावचा सल्ला दुसऱ्या गावी का फसतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

वजनाची वही

पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटले पाहिजे. ५० ग्रॅमची बारा अंडी घ्या. एकूण वजन ६०० ग्रॅम. त्याचे १२ टक्के म्हणजे ७२ ग्रॅम. १८ दिवसांवर वाटले तर रोज बरोबर ४ ग्रॅम. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर डझनभर अंडी एकत्र ठेवली की हा फरक सहज कळतो. सातव्या दिवशी वजन ५७२ ग्रॅमच्या आसपास हवे. ५५५ भरले तर हवा फार कोरडी आहे, पाणी वाढवा. ५८५ भरले तर हवा फार ओली आहे, पाणी काढा.

गर्भाला हात न लावताही हा प्रयोग करता येतो. दुकानातून तीन अंडी आणा. एक तसेच ठेवा, दुसऱ्याला सर्व बाजूंनी खाद्यतेल चोळा, तिसरे पाण्याच्या वाटीसोबत झाकणाच्या डब्यात ठेवा. पंधरा दिवस रोज वजन करून आलेख काढा. तीन रेषांचे उतार वेगवेगळे का येतात, याचे उत्तर वर्गात चर्चा करून शोधा.

न उबलेले अंडे काय सांगते?

एकवीस दिवस झाल्यावर उरलेली अंडी लोक उकिरड्यावर फेकतात. खरे तर तीच साक्षीदार असतात. आणखी दोन दिवस वाट पाहून ती उघड्यावर फोडावी आणि मग हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

आत गर्भाची काहीच खूण नसेल, तर बहुधा अंडे फळलेलेच नव्हते. आठ-दहा कोंबड्यांना एक जोमदार कोंबडा हवा, तो देणाऱ्याकडे नसावा. आत रक्ताचे नुसते कडे दिसले, तर गर्भ पहिल्या चार दिवसांत मेला. त्याला शिळेपणा, उष्ण साठवण, प्रवासातले हिसके किंवा आरंभीचे चुकीचे तापमान कारण असू शकते. येथे दोष दोघांकडेही असेल. पूर्ण वाढलेले पिल्लू आत मेलेले आढळले, तर बहुतेक वेळा चूक उबवणीतली. पिल्लू ओले व पोकळी लहान असेल तर आर्द्रता जास्त झाली. पडदा कातड्यासारखा वाळून पिल्लाला चिकटला असेल तर कमी झाली.

हे मी एका चुकीतून शिकलो. मी पहिल्यांदा थर्माकोलच्या खोक्यात तंतूचा दिवा लावून अंडी उबवली. (एलईडी दिवा यासाठी निरुपयोगी, तो फारच थोडी उष्णता देतो.) दिवा आणि तापमापी दोन्ही झाकणाजवळ होती, पंखा नव्हता. तापमापी ३७.५ अंश दाखवत असे आणि मी निश्चिंत होतो. तेविसाव्या दिवशी चार अशक्त पिल्ले निघाली. ज्या बाईंकडून अंडी आणली होती, त्यांना मी बरेच बोललो. पुढे उरलेली अंडी फोडली, तेव्हा बहुतेकांत पूर्ण वाढलेली पिल्ले होती. मग तापमापी खाली, अंड्यांच्या पातळीवर ठेवून पाहिली. पारा दोन अंशांनी उतरला! गरम हवा हलकी असते व वर राहते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो आणि घरच्या खोक्यात विसरलो होतो. मी जाऊन त्या बाईंची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, कोंबडीला विचारायचं होतं."

घेताना आणि देताना

देणाऱ्याने प्रत्येक अंड्यावर घातल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी आणि डझनाचे वजन चिठ्ठीवर द्यावे. जात शुद्ध हवी असेल तर दुसरा कोंबडा दूर केल्यावर तीन आठवडे तरी उबवणीची अंडी विकू नयेत, कारण कोंबडीच्या शरीरात पहिल्या कोंबड्याचे बीज दोन आठवड्यांहून अधिक काळही टिकून राहू शकते. घेणाऱ्याने घरी येताच अंडी उजेडापुढे धरून पोकळी पाहावी, पुन्हा वजन करावे आणि प्रवासाचे हिसके बसलेली अंडी निमुळते टोक खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवावीत. मग सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी वजन वहीत लिहावे.

एवढे केले तरी बारापैकी बारा पिल्ले निघतीलच असे नाही. पण तीनच निघाली, तर का निघाली हे चिठ्ठी, वही आणि फोडलेली अंडी मिळून सांगतील. पुढच्या वेळी काय सुधारायचे ते देणाऱ्यालाही कळेल आणि घेणाऱ्यालाही. भांडणाची जागा मोजमापाने घेतली, की दोन्ही घरच्या खुराड्यांत पिल्लांची संख्या वाढते.