रानवाटांवरची सायकल-सफर : आखणीचा विचार

चार-पाच दिवस सायकलने रानावनातून हिंडून यावे, असा बेत आपल्या महाविद्यालयात दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीअगोदर कोणी ना कोणी करतोच. व्हरांड्यात चर्चा रंगते, नावे लिहिली जातात, आणि बहुतेक बेत 'सायकल कोणती घ्यावी' या एका प्रश्नापाशी अडकून पडतात. गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांच्या लहान टोळ्यांबरोबर खानापूर तालुक्यातील कच्च्या रस्त्यांनी जात आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की सायकलीचा प्रश्न अगदी शेवटी सोडवला तरी चालतो. आधी सोडवायचे प्रश्न दोन : उजेड किती तास मिळणार, आणि मध्येच सफर सोडावी लागली तर बाहेर कोठून पडणार.

अशा सफरींना हल्ली 'बाइकपॅकिंग' असे नवे नाव मिळाले आहे, पण कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८९७ साली लेफ्टनंट जेम्स मॉस याने पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिकांना घेऊन मोंटाना राज्यातील फोर्ट मिसूला येथून सेंट लुईसपर्यंत सुमारे १९०० मैलांचा प्रवास सायकलींवर ४१ दिवसांत केला. रस्ते बहुतांशी मातीचे व चिखलाचे. सरासरी काढली तर दिवसाला ४६ मैल पडतात. हे केवळ पायांच्या जोरावर झाले असे कोणी समजू नये. शिधा वाटेत ठिकठिकाणी अगोदर पोहोचवण्याची व्यवस्था मॉसने केली होती, म्हणून सायकलींवर थोड्या दिवसांपुरतेच अन्न लादावे लागे. आपल्याकडे १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलींवर निघाले, आणि त्यांपैकी तिघांनी १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्यांच्या मानाने आपली चार दिवसांची सफर ती काय! पण आखणीचे शास्त्र तेच आहे.

आता उजेडाचा हिशोब. डिसेंबरात आपल्या भागात सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस अकरा तासांचा. दाट रानात आणि दरीत तो आणखी अर्ध्या तासाने आखूड होतो. नकाशावर दोरा धरून 'चाळीस किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन तास' असा हिशोब करणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. डांबरी रस्त्यावर सामानासह तासी पंधरा किलोमीटर वेग मिळेल, हे खरे. मातीच्या बऱ्या रस्त्यावर तो आठावर येतो, दगडगोट्यांच्या गाडीवाटेवर पाचावर, आणि सायकल हातात धरून ढकलू लागलो की तीनावर. शिवाय चढ निराळा मोजला पाहिजे. पायी चालणाऱ्यांसाठी स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली एक नियम घालून दिला : तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. सायकलस्वाराच्या अंगाला ओझ्याची सायकल बांधलेली असते, म्हणून मी दर १०० मीटर चढाला पंधरा मिनिटे धरतो.

एका दिवसाचे उदाहरण करून पाहू. एकूण ४२ किलोमीटर : त्यात १२ डांबरी, २० मातीचे, १० गाडीवाटेचे, आणि चढ ४०० मीटर. डांबरीला ४८ मिनिटे, मातीला अडीच तास, गाडीवाटेला दोन तास, चढाला एक तास. मिळून सहा तास अठरा मिनिटे. दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती धरली तर एक तास, जेवणाला एक तास, आणि पंक्चर, चुकलेली वाट, ओढा ओलांडणे यांसाठी राखीव एक तास. बेरीज नऊ तास अठरा मिनिटे. सकाळी सातला निघालेली टोळी सव्वाचार-साडेचारला मुक्कामी येईल, आणि अंधारापूर्वी सुमारे दीड तास शिल्लक राहील. हा दीड तास कोणत्याही कारणाने खर्ची घालू नये. ज्या दिवसाच्या हिशोबात तो उरत नाही, तो दिवस लांब आहे असे समजून मुक्काम अलीकडे आणावा.

हे आकडे मिळवायचे कोठून? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून. आपल्या प्रदेशाचा अंश-नकाशा जुन्या पद्धतीने '४८ आय' या क्रमांकाचा. त्याचे भाग एकास पन्नास हजार या प्रमाणावर मिळतात, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. समोच्चरेषा २० मीटरांच्या अंतराने असतात. आपल्या वाटेवर लागोपाठच्या दोन रेषांमध्ये चार मिलिमीटर अंतर भरले, तर २०० मीटरांत २० मीटर चढ झाला, म्हणजे दहास एक. अशा जागी ओझ्याची साधी सायकल ढकलावीच लागते. तुलनेसाठी सांगतो, कॅसलरॉकखालच्या घाटातील रेल्वेची चढण सदतीसास एक आहे. (त्या रुळांच्या कडेने सायकल न्यायचा मोह मात्र कोणाला होऊ नये, तो गुन्हा तर आहेच, आणि बोगद्यात गाडी आली तर सरकायलाही जागा नाही.)

जुन्या नकाशावर आंधळेपणाने विसंबू नये, याचे आपल्या जवळचे उदाहरण सुपा हे आहे. काळी नदीवरच्या धरणामुळे १९८० च्या दशकात सुपा गाव जलाशयाखाली गेले व तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. त्यापूर्वीच्या पाहणीच्या नकाशात जे रस्ते रेखले आहेत, त्यांपैकी कित्येक आज पाण्याखाली आहेत. उलट मोबाईलवरच्या नकाशात वाट दिसते, पण ती बैलगाडीची की गुरांची, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय रानात संपर्क बेभरवशाचा. नकाशा घरीच उतरवून घ्यावा आणि कागदी प्रतही बरोबर ठेवावी.

सर्वांत उत्तम नकाशा म्हणजे गावातला माणूस. पण त्याला प्रश्न नीट विचारता आला पाहिजे. 'किती लांब आहे?' असे विचारले की 'हे काय, इथंच' असे उत्तर येते, आणि त्याच्या पायांना ते खरेही असते. मी विचारतो : या वाटेने बैलगाडी जाते का? दुधाची मोटरसायकल जाते का? ओढ्याला मार्गशीर्षात पाणी असते का? या प्रश्नांची उत्तरे नेमकी मिळतात. खानापूरच्या रानात मराठी, कोकणी व कन्नड तिन्ही बोलणारी माणसे भेटतात, गवळीवाड्यांवर तर त्यांची स्वतंत्रच बोली कानी पडते. वनखात्याच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये. तेव्हा या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा एखादा मित्र टोळीत अवश्य असावा. मग आम्हां मराठीवाल्यांना पाटी पाहून माना हलवत उभे राहावे लागत नाही.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. आपल्या भागाचे भाग्य असे, की रानातून रेल्वे जाते. बेळगावहून खानापूर, गुंजी, लोंढा. लोंढ्याहून एक फाटा तिनईघाटावरून कॅसलरॉककडे, दुसरा नागरगाळीवरून अळणावर-धारवाडकडे. सफरीचा प्रत्येक दिवस असा बसवावा, की दुपारी बाराच्या जागेवरून एखादे स्थानक किंवा मोटारीचा रस्ता दोन-तीन तासांत गाठता येईल. लहान स्थानकांवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा वहीत लिहून न्याव्यात. बारा वाजता ठरलेल्या जागी टोळी पोहोचली नसेल तर पुढचा बेत सोडून त्या वाटेने बाहेर पडावे, असा नियम निघण्यापूर्वीच सर्वांच्या संमतीने करावा. वाटेत वाद घालायला बसले तर तरुण रक्त नेहमी 'पुढे चला' याच बाजूने मत देते, आणि सर्वांत दमलेला मुलगा भिडेने गप्प राहतो. त्या गप्प मुलासाठी हा नियम आहे.

कोणत्या वाटेने जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, हाही आखणीचाच भाग होय. भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य आहे. दांडेली व अणशी मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला. २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्रप्रकल्प. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या २७ व्या कलमान्वये अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्यास सूट आहे, पण हमरस्ता सोडून आतल्या जीपच्या वाटेला लागलात की सूट संपली. म्हणून या हद्दी आधी नकाशावर रंगवून घ्याव्यात, वनखात्याच्या कचेरीत महिनाभर आधी लेखी अर्ज करावा, आणि परवाना न मिळाल्यास हद्दीबाहेरच्या गावरस्त्यांनी वाट बसवावी. राखीव जंगलात विस्तव करणे हाही गुन्हा आहे. मुक्काम गावात करावा. शाळेची ओसरी किंवा देवळाचा मंडप विचारल्यावर सहसा नाकारला जात नाही.

हा कायद्याचा जाच नव्हे. गवा, अस्वल, आणि अलीकडच्या वर्षांत दांडेलीकडून येणारे हत्ती यांच्या फिरण्याची वेळ पहाटेची व तिन्हीसांजेची. सायकल आवाज करीत नाही, हा तिचा गुण रानातल्या वळणावर दोष ठरतो. गवा दचकला तर पळतोच असे नाही. वळणापूर्वी घंटा वाजवावी, जनावर दिसले की लांबच थांबावे आणि त्याला त्याच्या सवडीने जाऊ द्यावे. याहून लहान प्राण्याची भीती मला अधिक वाटते. शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमुळे माणसाला होतो. उत्तर कन्नड, गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या आपल्या भोवतालच्या भागांत त्याचे रोगी आढळले आहेत. त्याचा हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या सफरीचा. पाचोळ्यावर आडवे होऊ नये, पायमोजे विजारीवर चढवावेत, मेलेल्या माकडाच्या जवळपास जाऊ नये, रोज संध्याकाळी अंग तपासावे. आणि परतल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

पाणी माणशी तासाला अर्धा ते एक लिटर लागते, आणि लिटर म्हणजे किलो. दोन पाणवठ्यांमधल्या तासांवरून किती घ्यायचे ते ठरते. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे.

ओझ्याविषयी फार लिहिले जाते. मी एक गणित मांडतो. पाच किलो जास्त ओझे चार दिवसांत मिळून दीड हजार मीटर चढवले, तर काम झाले पाच गुणिले ९.८ गुणिले १५००, म्हणजे ७३,५०० ज्यूल, अर्थात साडेसतरा किलोकॅलरी. स्नायू अन्नातील ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामी आणतात, असे धरले तरी पंधरा ग्रॅम शेंगदाण्यांत हा खर्च भागतो! मग ओझे कमी का करायचे? कारण कच्च्या रस्त्यावर ते हादरते, कॅरिअरचे नट ढिले करते, मागच्या चाकाचे आरे तोडते, आणि नाल्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते तेव्हा ते पाच किलो चांगलेच ओळख देतात. म्हणून जड वस्तू सांगाड्याच्या त्रिकोणात, मध्यावर व खाली बांधावी. अंथरूण हँडलला आडवे. हलके कपडे बैठकीमागे. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या कारवीच्या दाटीत अडकतात. या कामाच्या खास पिशव्या महाग असतात. मोजमाप देऊन ताडपत्रीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेल्या तितक्याच टिकतात. खाण्यात दशम्या, गूळ, शेंगदाणे, चिवडा. कुंदा पहिल्याच दिवशी संपतो, त्याची आखणी करायची गरज नाही.

राहिली सायकल. साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ व मागे १८ दाते असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. पुढे ३२ व मागे ४२ दात्यांची सोय असलेली नवी गिअरची सायकल १.७ मीटर. चढावर कोणती बरी, हे उघड आहे. पण साध्या सायकलीची ट्यूब, कॉटर पिन, ब्रेकची रबरे बाजाराच्या गावी मिळतात. नवीचे सुटे भाग बेळगावातही शोधावे लागतात, तेव्हा ते बरोबर घ्यावेत. रस्ता मऊ मातीचा व चढ कमी असेल तर साधी सायकल खुशाल न्यावी, फक्त ब्रेक नवे घालून. दोन इंची टायर असल्यास मातीवर मागे तीस पौंडांच्या आसपास हवा ठेवावी, पुढे किंचित कमी. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नये. तांबडी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही.

सफरीच्या पंधरा दिवस आधी सर्व सामान बांधून एक दिवसाची तालीम करावी : बेळगावहून खानापूर, सव्वीसेक किलोमीटर, तेथून मलप्रभेच्या काठच्या कोणत्याही मातीच्या रस्त्याने दोन तास, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या दिवशी वहीत प्रत्येकाचा खरा वेग लिहून घ्यावा, आणि वर दिलेले पंधरा, आठ, पाच हे माझे आकडे खोडून तेथे टोळीतील सर्वांत हळू चालवणाऱ्याचे आकडे घालावेत.