खुबा दुखतो : फोटो कधी काढावा?

(आरोग्य-पाठ)



गेल्या हिवाळ्यात वाई तालुक्यातील एका कातकरी वस्तीवर आठ वर्षांचा एक मुलगा लंगडताना दिसला. “गुडघा दुखतो,” म्हणाला. मी त्याला दवाखान्यात नेऊन गुडघ्याचा फोटो काढवला. फोटो चांगला आला आणि मी निश्चिंत झाले. दोन महिन्यांनी तो जास्तच लंगडू लागला. मग हाडांच्या डॉक्टरांनी त्याला झोपवून पाय आत-बाहेर वळवून पाहिला आणि खुब्याचा एक्स-रे काढला. दोष खुब्यात होता. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडण्याचा हा ‘पर्थीस’ आजार. मुलांच्या खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या दोन महिन्यांची खंत अजून मनात आहे.

त्याच हंगामात उलटा अनुभव आला. वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या एका कोपीवरील मावशी एमआरआयसाठी मुकादमाकडून आणखी उचल घ्यायला निघाल्या होत्या. त्यांना खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपले की दुखे. डॉक्टरांनी हाताने तपासले, व्यायाम शिकवला, वेदनाशामक गोळी दिली. दोन महिन्यांत बराच उतार पडला. ती उचल घेतली असती, तर पुढच्या हंगामात घाम गाळून फेडावी लागली असती.

म्हणजे चूक दोन्हीकडे होऊ शकते. मग ठरवायचे कसे?

आधी विचारा. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला आणि तो सकाळी लंगडत निघाला. लंगडणे कोणालाही दिसले असते. रात्री काय घडले, ते विचारल्यावाचून कळले नसते. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. तो राँटजेन यांनी १८९५ मध्ये लावला. विचारणे आणि हाताने तपासणे हेच तेव्हा वैद्यांचे मुख्य साधन होते. आजही पहिली पायरी तीच.

बोट ठेवायला सांगा. ‘खुबा’ म्हणून लोक बहुधा कुल्ला दाखवतात. खऱ्या सांध्याचे दुखणे बहुतेकदा जांघेत असते. मांडी घालून बसणे जड जाते. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरणारी कळ अनेकदा कमरेच्या मणक्याची असते.

पुढील खुणा दिसल्यास थांबू नका.

१. पडल्यावर पायावर भार देता येत नाही. वृद्धांमध्ये साध्या पडण्यानेही हाड मोडते. एक्स-रे चांगला आला तरी चालता येत नसेल, तर एमआरआय किंवा सीटी लागू शकते.
२. ताप आहे आणि मूल पाय हलवू देत नाही. सांध्यात पू असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
३. मूल लंगडते, मग दुखणे गुडघ्यात सांगत असले तरी.
४. रात्री झोपमोड करणारे दुखणे, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षयरोग. क्षय खुब्यातही होतो.
५. दीर्घकाळ स्टेरॉइड, जास्त दारू किंवा सिकलसेल असून जांघ दुखते. गोळ्याचे हाड मरू लागले, तरी सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसतो. एमआरआयमध्ये ते लवकर कळते.

यांपैकी काही नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे व्यायाम आणि औषध घेऊन पाहता येते. उतार पडला नाही, तर आधी साधा एक्स-रे. बाई गरोदर असेल, तर फोटोआधी सांगावे. एमआरआयआधी शरीरातील पेसमेकर वा धातू सांगावा. आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : “या तपासणीने उपचार बदलणार आहे का?”

आपल्या दानातून कोणाला तपासणीस न्यावे, हे ठरवताना आम्ही आता हाच क्रम पाळतो. काटकसर हा त्यामागचा हेतू नाही. ज्याला गरज आहे त्याला उशीर होऊ नये, हा आहे. तो मुलगा सध्या उपचार घेत आहे. वाढत्या वयात हाड पुन्हा भरून येऊ शकते, असे डॉक्टर म्हणतात. त्याला प्रार्थनेत आठवावे.

मंडळीत चर्चेसाठी : आपल्या शेजारी कोण लंगडत आहे? आपण त्याला शेवटचे कधी विचारले?