गुढी उतरल्यानंतर

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते आणि दारोदारी गुढ्या उभ्या राहतात. वर्षाचा पहिला दिवस संकल्पाचा, असे आपण मानतो. परंतु आपले संकल्प बहुधा काहीतरी नवे मिळवण्याचे असतात. नवे वाहन, नवा दागिना, नवी वस्तू. आहे ते न नासवण्याचा संकल्प क्वचितच कोणी करतो. पर्यावरणाचा विषय आपण शाळेपासून शिकत आलो, त्यावर परीक्षाही दिल्या. तरी तो पुस्तकातून घरात येत नाही. तो घरात आणायचा तर सुरुवात कोठून करावी? मला वाटते, खुद्द गुढीपासून करावी.

गुढीचा धडा

गुढीला काय काय लागते ते पाहा. वेळूची काठी, एखादे रेशमी वस्त्र किंवा खण, कडुनिंबाची आणि आंब्याची डहाळी, फुलांचा हार, साखरेची गाठी आणि वर पालथा घातलेला तांब्या. सूर्यास्ताच्या सुमारास गुढी उतरवली की या वस्तू कोठे जातात? काठी माळ्यावर, वस्त्र घडी करून पेटीत, तांब्या पुन्हा स्वयंपाकघरात. गाठी मुलांच्या तोंडात जाते. हार झाडाच्या मुळाशी पडून त्याचे खत होते. कडुनिंबाची कोवळी पाने सकाळीच गूळ, जिरे, हिंग, चिंच यांच्याबरोबर वाटून खाल्लेली असतात. उरलेला पाला वाळवून धान्यात घातला की कीड लागत नाही. म्हणजे एवढा मोठा सण साजरा होऊनही मागे कचरा असा राहतच नाही! आपल्या पूर्वजांनी ‘पर्यावरण’ हा शब्द वापरला नसेल. परंतु वस्तू पुरवून वापरण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यात काही भाग गरिबीचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र गरिबी गेली म्हणून ती शहाणीवही टाकून द्यावी, असे थोडेच आहे?

गेल्या पाडव्याला आमच्या घरी उंच काठीची अडचण नको म्हणून मी बाजारातून वीतभर उंचीची तयार गुढी आणली. काठी, पाने, हार, सारेच प्लॅस्टिकचे. संध्याकाळी तिला हळदकुंकू वाहून उतरवली आणि हातात धरून उभी राहिले. आजी म्हणाली, “अगं, आता हिचं करायचं काय? ना खाता येत, ना मातीत घालता येत!” माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती गुढी अजून कपाटात आहे. पुढच्या वर्षीही तीच लावीन, कारण फेकून दिली तर ती माझ्यानंतरही या पृथ्वीवर राहील.

कायदा आणि सवय

‘एकट्यादुकट्याच्या सवयीने काय होणार? प्रदूषण कारखाने करतात,’ असा आक्षेप आमच्या वर्गातील चर्चेत हमखास निघतो. तो अगदीच खोटा नाही. कारखान्यांवर बंधन सरकारनेच घातले पाहिजे, आणि ते घातले जावे म्हणून नागरिकांनी आग्रह धरला पाहिजे. परंतु सवयींचे ओझे लहान असते, हे मात्र खरे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाला कोणतीच गटारे पुरी पडली नसती. तरीही पाणी तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे नाव पुढे आले. त्या पिशव्या तुमच्याआमच्यासारख्यांच्याच हातून पडल्या होत्या.

२०१८ साली पाडवा १८ मार्चला होता. त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ मार्चला, महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदा झाला, पण भाजी घ्यायला जाताना कापडी पिशवी खांद्याला लावण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

पाण्याचा हिशेब

पाडवा येतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. २०१६ साली ८ एप्रिलला पाडवा झाला आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी दीड लिटरही नाही!

आता दुसरा हिशेब करू. एखादा नळ ठिबकून तासाला एक लिटर पाणी वाया जात असेल, तर दिवसाला २४ लिटर आणि वर्षाला ८,७६० लिटर होतात. लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या मापाने एक ठिबकता नळ रोज अठरा माणसांचा वाटा गटारात सोडतो. त्याला लागणारा वायसर मात्र अगदी किरकोळ किमतीचा असतो.

विजेचेही तसेच. एका वर्गात ७५ वॅटचे चार पंखे आणि २० वॅटचे चार दिवे धरले, तर रिकाम्या वर्गात ते तासभर चालू राहिल्याने ३८० वॅट-तास वीज जाते. असे वीस वर्ग आणि कामाचे दोनशे दिवस धरा. रोज एका तासाच्या विसराळूपणाचे वर्षाला १,५२० युनिट होतात. बटण दाराशीच असते. हात तेवढा पोहोचत नाही.

आपल्यापुरते संकल्प

तेव्हा येत्या पाडव्याला मोठी प्रतिज्ञा न करता चारच गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विद्यार्थी मित्रांना व गुरुजनांना विनंती आहे.

पहिली, गुढी खऱ्या वस्तूंचीच उभारावी. कडुनिंबाची डहाळी लहान घ्यावी. चैत्रात त्याला फुलोरा येतो. अख्खी फांदी ओरबाडून नववर्षाचे स्वागत करणे शोभत नाही.

दुसरी, १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा आता अनेक गावांत निघते. तिच्यात आपण सहभागी होतो तेव्हा पाण्याची बाटली घरून न्यावी आणि यात्रेनंतर रस्ता झाडायलाही थांबावे.

तिसरी, स्नेहसंमेलनात चहासाठी प्रत्येकाने स्वतःचा पेला आणावा. कागदी म्हणून जो पेला आपण वापरतो, त्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

चौथी, वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने पंखे-दिवे बंद करावेत, आणि ठिबकता नळ दिसताच कार्यालयात कळवावे.

यातील एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते रोज करणे. गुढी उभारायला उत्साह पुरतो, तो एका सकाळचा असतो. ती उतरल्यानंतर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण कसे वागतो, यावरच नवे वर्ष खरोखर नवे आहे की नाही हे ठरेल.