शेजारीच वैरी झाले तेव्हां
(अमेरिकेंतील यादवी युद्धावरून एक धडा)

वाचकहो, यादवी युद्ध म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रणांगण, तोफा व सेनापति उभे राहतात. परंतु अशा युद्धाची पुष्कळशी कथा रणांगणावर घडतच नाहीं. ती गांवांत, बाजारांत आणि उपासनामंदिराच्या दाराशीं घडते. आजच्या पाठांत अशाच एका मुलखाची हकीकत पाहूं, आणि तीपासून काय शिकावें ह्याचा शेवटीं विचार करूं.

१. मुलूख व लोक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अकरा राज्यें गुलामगिरी राखण्याच्या हेतूनें १८६०-६१ सालीं संघराज्यांतून फुटून निघालीं. त्यांपैकीं टेनेसी हें शेवटचें. तेथें ता. ८ जून १८६१ रोजीं लोकांचीं मतें घेतलीं, तेव्हां सबंध राज्यांत फुटण्याच्या बाजूस बहुमत पडलें. परंतु डोंगराळ अशा पूर्व टेनेसींत मत देणाऱ्यांपैकीं दर तिघांत दोघांहून अधिकांनीं विरुद्ध मत दिलें. हे बहुतेक लहान शेतकरी होते. तथापि ते सर्व गुलामगिरीचे शत्रु होते, असें समजूं नये. त्यांचा एक पुढारी, नॉक्सव्हिलचा मेथॉडिस्ट उपदेशक व वर्तमानपत्रकार विल्यम ब्राउनलो, हा तर युद्धापूर्वीं गुलामगिरीचें जाहीर समर्थन करीत असे. त्यांची निष्ठा होती ती जुन्या संघराज्यावर. ज्या काळ्या गुलामांचें सर्वस्व ह्या वादांत गुंतलें होतें, त्यांस कोणीं मत विचारलेंच नाहीं.

२. छळ

ता. ८ नोव्हेंबर १८६१ च्या रात्रीं काहीं संघनिष्ठांनीं रेल्वेचे पांच पूल जाळले. ही मसलत विल्यम कार्टर नामक प्रेसबिटेरियन उपदेशकाची होती. पूल जळतांच संघराज्याची फौज मदतीस येणार, असें ठरलें होतें. परंतु फौज आलीच नाहीं. मग सर्व राग गांवकऱ्यांवर निघाला. पांच जणांस फांशीं दिलें. त्यांत एक कुंभार होता, आणि एक बाप व त्याचा मुलगाहि होता. प्रेतें पुलांजवळ टांगून ठेवावीं, असा हुकूम फुटीर सरकारच्या युद्धमंत्र्यानें काढला होता. शेंकडों लोक तुरुंगांत गेले. ब्राउनलोचें पत्र बंद पडलें. त्यास डिसेंबरांत कैद झाली व मार्च १८६२ मध्यें सरहद्दीपार घालविलें.

एप्रिल १८६२ मध्यें सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. तेव्हां तरुण माणसें रात्रींच्या रात्रीं डोंगर ओलांडून केंटकींत जाऊं लागलीं. मागें बायकामुलें राहिलीं, आणि कोणाच्या घरचा पुरुष नाहींसा झाला हें शेजाऱ्यापासून लपणें शक्य नव्हतें.

डोंगराच्या पलीकडे, उत्तर कॅरोलिनांतील शेल्टन लॉरेल ह्या खोऱ्यांत, संघनिष्ठ कुटुंबांस मीठ मिळेनासें झालें. मिठावांचून मांस टिकत नाहीं, आणि मांसावांचून डोंगरांतला हिवाळा निघत नाहीं. म्हणून जानेवारी १८६३ मध्यें काहीं जणांनीं मार्शल गांवावर धाड घालून मीठ लुटलें, व एका कर्नलच्या घरांत त्याचीं मुलें आजारी असतां तें घरहि लुटलें. त्याबद्दल त्याच्याच पलटणीनें खोऱ्यांतील काहीं पुरुष व मुलगे पकडले. नॉक्सव्हिलला नेऊन चौकशी करितों असें सांगून वाटेंतच त्यांतील तेरा जणांस गोळ्या घातल्या. त्यांत एक तेरा वर्षांचा मुलगा होता. कित्येकांचा त्या धाडीशीं काहीं संबंध नव्हता.

३. पारडें फिरलें

सप्टेंबर १८६३ मध्यें संघराज्याची फौज नॉक्सव्हिलांत आली, आणि १८६५ सालीं ब्राउनलो टेनेसीचा गव्हर्नर झाला. आतां छळलेल्यांच्या हातीं सत्ता आली. त्यांनीं ती कशी वापरली? विरुद्ध पक्षाच्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. घरीं परतणाऱ्या शेजाऱ्यांस फटके मारून हांकून दिलें. दक्षिण मेथॉडिस्ट मंडळ्यांचीं मंदिरें बळकाविलीं व त्यांच्या काहीं उपदेशकांस मारहाण केली. ज्यानें कालपर्यंत अन्याय सोसला, तोच आज अन्याय करूं लागला.

पुढें १८७१ सालीं सरकारनें एक कमिशन नेमलें. संघराज्याच्या फौजेनें ज्या दक्षिणी संघनिष्ठांचें धान्य, गुरें वगैरे नेलीं होतीं, त्यांनीं आपली निष्ठा सिद्ध करून भरपाई मागावी, असें ठरलें. बावीस हजारांहून अधिक अर्ज आले. परंतु मागितलेल्या रकमेचा दहावा हिस्साहि पदरीं पडला नाहीं. आणि साक्ष कोणाची? शेजाऱ्यांचीच! संकटांत कोण कोणाच्या बाजूस होतें, हें त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

४. ह्यापासून बोध

पहिला: जगण्यास लागणारी वस्तु शत्रूलाहि बंद करूं नये. मीठ अडविलें तेथें रक्त सांडलें. ज्यांस पाणवठा बंद झाल्याचा अनुभव आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

दुसरा: एकाच्या अपराधासाठीं सर्व वस्तीस दोषी धरूं नये. पूल थोड्यांनीं जाळले. तुरुंग शेंकडोंस भोगावा लागला.

तिसरा, आणि सर्वांत कठीण: छळ सोसल्यानें मनुष्य आपोआप न्यायी होत नाहीं. त्याची खरी परीक्षा सत्ता हातीं आल्यावर होते. युद्ध चार वर्षांत संपलें. परंतु शेजारी शेजाऱ्यास त्यानंतरहि भेटतच होता, त्याच वाटेवर व त्याच बाजारांत.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. पूर्व टेनेसीच्या लोकांची निष्ठा कशावर होती? ती सर्व बाबतींत निर्दोष होती काय?
२. शेल्टन लॉरेल येथें दोन्ही पक्षांनीं कोणतें पाप केलें?
३. ज्यानें आपणांस दुखविलें तो उद्यां आपल्या हातीं सांपडला, तर आपण काय करूं?